सकाळी मऊ, संध्याकाळी झटके: जुनी पोलो जीटी टीएसआय घेण्याआधी डीएसजी कशी पारखावी

तक्रार बहुतेक वेळा याच क्रमाने येते. रविवारी सकाळी सोसायटीत गाडी पाहिली, आतल्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या, गियर कधी पडले ते कळलंसुद्धा नाही, टोकन दिलं. मग आठवडाभरात ऑफिसहून परतताना ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते मानपाडा या पट्ट्यात दुसरा गियर पडताना गाडी थरथरू लागली. गायमुखच्या चढावर धक्के बसू लागले. आणि एक दिवस पॅनेलवर पी-आर-एन-डी-एस ही अक्षरं लुकलुकली आणि गाडी भर रस्त्यात जागीच उभी राहिली. विकणाऱ्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: माझ्याकडे होती तोवर काहीच नव्हतं.

तो खोटंच बोलतोय असं नाही. या गाडीच्या डीएसजीचे, म्हणजे दोन क्लचवाल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, बरेचसे दोष थंड गाडीत दिसतच नाहीत. म्हणून ठाणे-नवी मुंबईत ही गाडी घेणाऱ्याने एक नियम पाळावा: गिअरबॉक्स तापल्याशिवाय आणि तापल्यावर चढावर चालवून पाहिल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. खाली जे आहे ते याच तपासणीबद्दल. इंजिन, बॉडी, कागदपत्रं यांचं नंतर, थोडक्यात.

गाडी नेमकी कोणती

पोलो जीटी टीएसआय आपल्याकडे २०१३ मध्ये आली. १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ एनएम, आणि सोबत फक्त ७-स्पीड डीएसजी. २०२० मध्ये तिची जागा १.० टीएसआयने घेतली. तिला ६-स्पीड मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टरवाला साधा ऑटोमॅटिक होता, त्यामुळे डीएसजीचं हे दुखणं तिला नाही. जाहिरातीत सगळ्यांनाच 'पोलो जीटी ऑटोमॅटिक' म्हणतात, म्हणून आधी आरसीवरची सीसी पाहा. ११९७ असेल तर ही डीएसजी, ९९९ असेल तर नवी गाडी. डिझेल जीटी टीडीआय मॅन्युअल आहे, तिचा इथे संबंध नाही.

या डीएसजीचं नाव डीक्यू२००. आत दोन क्लच आहेत, दोन्ही ड्राय, म्हणजे तेलात न बुडालेले. के१ कडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गियर. के२ कडे दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. ही विभागणी लक्षात ठेवा, कारण दोष कुठे आहे हे निम्म्या वेळा एवढ्यावरूनच कळतं. क्लच दाबणं, गियर टाकणं हे सगळं मेकाट्रॉनिक नावाचा एक डबा करतो. त्यात कॉम्प्युटर, व्हॉल्व, छोटा इलेक्ट्रिक पंप आणि प्रेशर साठवणारा अॅक्युम्युलेटर आहे. मेकाट्रॉनिकचं हायड्रॉलिक तेल साधारण एक लिटर, आणि गियरचं तेल वेगळं, साधारण १.७ लिटर. ही दोन तेलं कधी एकत्र येत नाहीत. 'डीएसजी ऑइल बदललंय' असं कुणी सांगितलं तर दोन्हींपैकी कोणतं, हे विचारा आणि बिल मागा.

घोडबंदर या गिअरबॉक्सला का मारतो

ब्रेकवर पाय हलका ठेवून गाडी इंच-इंच पुढे सरकते तेव्हा के१ अर्धवट लागलेला असतो आणि घासत असतो. मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर रांगायचं, तसंच. फरक इतकाच की इथे वास येईपर्यंत चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. ड्राय क्लचला थंड करायला तेल नाही, हवा लागते, आणि रांगणाऱ्या गाडीत हवा कुठून येणार? चढावर तर लोक ब्रेक सोडून अॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरतात. गायमुखला संध्याकाळी सात वाजता असं वीस मिनिटं केलं की क्लच इतका तापतो की सॉफ्टवेअर चालकाला सावध करायला स्वतःच धक्के देतं, आणि त्याहून तापला तर क्लच सोडूनच देतं.

दुसरं नुकसान मेकाट्रॉनिकमध्ये होतं. प्रत्येक गियर, प्रत्येक थांबणं-सुटणं म्हणजे साठवलेल्या तेलाचा दाब खर्च होणं आणि पंपाने तो पुन्हा भरणं. दाब चाळीस ते साठ बारच्या घरातला. अॅक्युम्युलेटर अॅल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये आट्यांवर बसवलेला असतो आणि त्या आट्यांभोवतीची भिंत पातळ आहे. दाब चढणं-उतरणं लाखो वेळा झालं की तिथे बारीक तडा जातो, तेल झिरपतं, दाब टिकत नाही, पंप सारखा धावत राहतो, आणि शेवटी कॉम्प्युटर गाडी बंद पाडतो.

म्हणून किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. रोज ठाणे ते पवई गेलेली एमएच-०४ ची चाळीस हजार किमी गाडी आणि दर शनिवारी एक्सप्रेसवेने पुण्याला गेलेली ऐंशी हजार किमी गाडी, यात आमचा कल दुसरीकडे. पॅनेलवरच्या एमएफडीत, म्हणजे वेग-मायलेजचे आकडे दाखवणाऱ्या छोट्या स्क्रीनवर, दीर्घ मेमरीतला सरासरी वेग पाहा. रीसेट केलेला नसेल आणि आकडा १४-१५ दाखवत असेल, तर त्या गाडीने आयुष्य कुठे काढलं ते कळतं.

गरम करून बघायची पद्धत

आदल्या दिवशीच विकणाऱ्याला सांगा की गाडी रात्रभर उभी ठेवा, मी आल्यावरच सुरू करायची. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. ऐकायला कठोर वाटेल, पण थंड स्टार्टमधून मिळणारी माहिती पुन्हा त्या दिवशी मिळत नाही.

चालकाचं दार उघडताच किंवा इग्निशन ऑन करताच एक-दोन सेकंदांची गुणगुण ऐकू येते. मागच्या सीटखालून येते ती फ्युएल पंपाची. पुढून, बॅटरीच्या खालच्या बाजूने येते ती मेकाट्रॉनिकच्या पंपाची. ती आली आणि थांबली तर ठीक. आता इंजिन बंद, इग्निशन ऑन, लिव्हर पी मध्ये, एसीचा पंखा आणि रेडिओ बंद, आणि दोन मिनिटं शांत बसा. कुणीही काहीही हलवत नसताना पंप दर काही सेकंदांनी पुन्हा-पुन्हा 'ऊंऽऽ' करत असेल तर दाब कुठेतरी गळतोय. हा आवाज बारीक असतो. बाहेर एक माणूस पुढच्या डाव्या चाकाशी कान देऊन उभा केला तर जास्त नीट कळतं. ही दोन मिनिटं कुणी देत नाही, आणि सगळ्यात महागडा दोष इथेच पहिल्यांदा बोलतो.

मग बॅटरी. मीटर लावून बंद गाडीत १२.४ व्होल्टच्या वर, चालू गाडीत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवं. कमजोर बॅटरीने डीएसजी कॉम्प्युटरमध्ये दोषांचे खोटे कोडही टाकते, आणि खरे दोष 'बॅटरीमुळे होतं हो' म्हणून झाकलेही जातात. बॅटरी कमजोर निघाली तर चांगली बॅटरी लावल्यावरच पुढची तपासणी करा.

आता रस्ता. कमीत कमी पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि वेळ गर्दीचीच निवडा. ठाण्यात माजिवड्याहून घोडबंदर रोडने गायमुखचा घाट चढून परत. नवी मुंबईत महापे ते शिळफाटा, तिथली गर्दी पुरेशी आहे, आणि चढासाठी बेलापूरची पारसिक टेकडी. पाम बीच रोडवर फिरवून आणलेली गाडी ही तपासलेली गाडी नव्हे. तिथे गाडी सलग चालते, आणि सलग चालताना डीएसजी उत्तमच असते.

पहिली दहा मिनिटं डी मध्ये साधी चालवा. रेडिओ बंद, काचा खाली. गर्दीत शिरल्यावर मुद्दाम हे करा: ताशी तीसवरून वेग उतरू द्या, पाचपर्यंत येऊ द्या, पूर्ण थांबायच्या आत हलका अॅक्सिलरेटर. दुसऱ्यावरून पहिल्यावर जायचं की दुसऱ्यातच उचलायचं, हा निर्णय गिअरबॉक्सला इथे घ्यावा लागतो. सशक्त क्लच असेल तर बारीकशी उसंत घेऊन गाडी सुटते. घासलेला असेल तर सीटखाली 'डुगडुग' जाणवते, जुन्या एसटीने पहिल्यात चढ घेतल्यासारखी. हे एकदा नाही, दहा-बारा वेळा करा. थंड असताना पहिले चार-पाच प्रयत्न स्वच्छ जातात आणि तापल्यावर सातव्या-आठव्याला थरथर सुरू होते, हे अगदी नेहमीचं. थरथर पहिला पकडताना असेल तर के१, पंधरा-वीसच्या वेगावर दुसरा पकडताना असेल तर के२.

के२ ची सगळ्यात चांगली परीक्षा मात्र रस्त्यावर नाही, टॉवरच्या पोडियम पार्किंगमध्ये आहे. गिअरबॉक्स तापलेला असताना गाडी रॅम्पच्या पायथ्याशी थांबवा आणि रिव्हर्समध्ये, अॅक्सिलरेटर जेमतेम लावून, माणूस चालेल इतक्या वेगाने वर घ्या. अर्ध्या रॅम्पवर पूर्ण थांबा. ब्रेक सोडा, पुन्हा उचला. मागे कुणी नाही याची खात्री करायला एक माणूस उभा करा. डॅशबोर्ड थरथरला, आरसा धूसर दिसायला लागला, किंवा रिव्हर्स लागायला दोन सेकंद लागले आणि मग दणका बसला, तर के२ संपत आलाय. रिव्हर्स लागलाच नाही तर तिथेच थांबा, तो विषय वेगळा आणि मोठा आहे.

परत येताना मॅन्युअल मोडमध्ये एकेक गियर टाकून सातही गियर पडतात का बघा. सम गियर एकामागून एक नाहीसे झाले, म्हणजे तिसऱ्यावरून थेट पाचवा, आणि रिव्हर्सही गायब, तर के२ च्या बाजूचा दोष. जुन्या डीक्यू२०० मध्ये सहावा-रिव्हर्सच्या शिफ्ट फोर्कचं बेअरिंग फुटल्याचे प्रकार ओळखीचे आहेत. ते फुटलं की गोळ्या गियरमध्ये जातात, आणि मग गिअरबॉक्स उघडण्याशिवाय मार्ग उरत नाही.

स्कॅनर दोनदा लावा

एकदा गाडी सुरू करण्याआधी, एकदा फिरून आल्यावर गरमच असताना. चारशे रुपयांचा साधा डोंगल इंजिनचे कोड वाचतो, गिअरबॉक्सचे बहुधा वाचत नाही. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन, म्हणजे फोक्सवॅगनची सगळी मॉड्यूल वाचणारा स्कॅनर, असलेला माणूस सोबत न्या. घोडबंदर, वागळे इस्टेट, तुर्भे, सगळीकडे असे मेकॅनिक आहेत, आणि स्कॅनिंगचे पैसे या गाडीच्या किमतीत विचारातही घेण्यासारखे नाहीत.

सगळ्यात आधी कोड नव्हे, कोड पुसलेत का ते पाहा. इंजिन मॉड्यूलमध्ये 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' नोंदलेलं असतं. आकडा बारा किलोमीटर निघाला तर तुम्ही येणार म्हणून कुणीतरी काल कोड पुसलेत. सोबत रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का याची नोंद, पाहा. ते अपूर्ण असतील तरी तेच सांगतात. हे साध्या डोंगललाही दिसतं. अशा वेळी गाडी नाकारायची गरज नाही, पण त्या दिवशी व्यवहारही करायचा नाही. दोनशे-अडीचशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा स्कॅन करू, असं सांगा.

गिअरबॉक्स मॉड्यूलमध्ये दोन कोड दिसले तर सावध व्हा: पी१७बीएफ आणि पी१८९सी. पहिला सांगतो की पंप गरजेपेक्षा जास्त धावला म्हणून त्याला वाचवायला बंद केला, दुसरा सांगतो की पुरेसा दाब तयार होत नाही. दोन्हींचा रोख बहुतेक वेळा अॅक्युम्युलेटरच्या तड्याकडे असतो. 'अधूनमधून' अशी खूण असलेला जुना कोडसुद्धा सोडू नका. तडा आपोआप बुजत नाही.

कोडच्या तपशिलात तो कितव्या किलोमीटरला पडला हेही नोंदलेलं असतं. मीटर बावन्न हजार दाखवतंय आणि एखाद्या मॉड्यूलमधल्या जुन्या कोडसमोर ७८,४०० लिहिलंय, तर मीटर मागे फिरवलंय. इंजिन, गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, सगळी मॉड्यूल उघडून हे आकडे बघा. मीटर फिरवणारे सगळीकडे हात लावतातच असं नाही.

खालून

लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला, बंपरच्या बाजूला मेकाट्रॉनिक आहे. त्याच्या खालच्या कडेला ओल किंवा धूळ चिकटलेला तेलकट पट्टा दिसला तर हायड्रॉलिक तेल गळतंय. नुकतंच स्वच्छ धुतलेलं असेल आणि बाकी गाडीखाली चिखल तसाच असेल, तर तेही तितकंच बोलकं. कागदी रुमालाने कड पुसा, फिरून आल्यावर तिथेच पुन्हा पुसा.

मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली, बेल हाउसिंगच्या तळाशी बघा. तिथे तेल असेल तर क्रँकचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट सील गेलंय. ड्राय क्लचला तेल लागलं की नवा क्लचही थरथरतो. नवा क्लच टाकूनही झटके थांबले नाहीत, अशा अनेक तक्रारींत सील बदलायचं राहिलेलं असतं.

दोष सापडला तर काय करायचं

कोड नाही, हलकी थरथर आहे: आधी बेसिक सेटिंग. स्कॅनरने गिअरबॉक्सला क्लच कुठे पकडतो आणि गियर कुठे बसतो हे पुन्हा शिकवायचं, आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर अपडेट करायचं. तेल योग्य तापमानाला असावं, जमीन सपाट असावी, बॅटरीला चार्जर लावलेला असावा. एवढ्याने बऱ्याच गाड्या सुधारतात. पण आठवड्याने थरथर परत आली तर क्लच घासलाय, पुन्हा-पुन्हा सेटिंग करून उपयोग नाही.

क्लच बदलायचा तर दोन्ही क्लच, रिलीज बेअरिंग आणि फोर्क असा पूर्ण संच टाका. बसवताना शिम, म्हणजे अंतर जुळवणारी पातळ चकती, मोजून निवडावी लागते आणि त्याला खास टूल लागतं. ज्या गॅरेजमध्ये ते टूल नाही तिथे हे काम देऊ नका. हातोडीने बसवलेला क्लच दोन महिन्यांत परत येतो. काम झाल्यावर बेसिक सेटिंग सक्तीचं.

पी१७बीएफ असेल: अख्खा नवा मेकाट्रॉनिक टाकायचा तर खर्च लाखाच्या पुढे जातो, वर कोडिंग आणि बेसिक सेटिंग. फक्त तडकलेलं हाउसिंग बदलून किंवा मजबूत केलेला दुरुस्ती-संच लावूनही काम होतं, कॉम्प्युटर बोर्ड ठीक असेल तर. हे करणारे लोक मोजके आहेत. दुरुस्त झालेली गाडी मिळत असेल तर बिल, कोणता भाग बदलला ते, आणि किती वॉरंटी, हे तिन्ही कागदावर हवं. ते असेल तर अशी गाडी आम्ही न फुटलेल्या मूळ मेकाट्रॉनिकपेक्षा जास्त पसंत करू.

२०१३-१४ ची गाडी असेल तर आणखी एक. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच ७-स्पीड डीएसजीसाठी जगभरातल्या १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. गरम, दमट हवा आणि सतत थांबत-चालत जाणारी वाहतूक, अशा ठिकाणी सिंथेटिक गियर ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शॉर्ट होऊ शकत होतं, म्हणून मिनरल ऑइल घातलं गेलं. गरम, दमट आणि तुंबलेली, हे वर्णन ठाण्याचंच आहे. जुन्या गाडीत हे तेल बदलल्याची नोंद चेसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे विचारा.

रीमॅप केलेली गाडी

हॉट हॅच, म्हणजे छोटी पण वेगवान गाडी, घेणाऱ्यांना रीमॅपचं, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं, आकर्षण असतं. डीक्यू२०० ची मर्यादा २५० एनएम आहे, मूळ इंजिन १७५ देतं, म्हणजे कागदावर जागा दिसते. पण रीमॅपचा वाढीव टॉर्क खालच्या आरपीएमला एकदम येतो, नेमका तिथेच जिथे ड्राय क्लच अर्धवट लागलेला असतो. पाच-सहा वर्षं गर्दीत घासलेल्या क्लचवर हे ओझं टिकत नाही. विकण्याआधी बरेच जण मूळ फाइल परत टाकतात, पण बाकी खुणा राहतात: मोकळा एअर फिल्टर, बदललेला डाउनपाइप, कॅटचा (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा) पी०४२० कोड, एक्झॉस्टच्या क्लॅम्पवर नवे नट. अधिकृत सर्व्हिसच्या नोंदीत टीडी१ अशी खूण असेल तर सॉफ्टवेअरला हात लागल्याचं कंपनीलाही माहीत आहे. रीमॅप असलेली गाडी घेऊच नये असं आमचं म्हणणं नाही. क्लचचा संच बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

इंजिन

इंजिन कोड पाहा. सीबीझेडने सुरू होत असेल तर टायमिंग चेन, सीजेझेडने सुरू होत असेल तर बेल्ट. चेनवाल्यात थंड स्टार्टला पहिले दोन-तीन सेकंद इंजिनच्या टायमिंग बाजूने, म्हणजे आपल्या गाडीत चालकाच्या बाजूने, साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का ऐका. चेन ताणली असेल तर दुर्लक्ष करून चालत नाही, दात सुटला तर व्हॉल्व जातात. बेल्टवाल्यात थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपच्या हाउसिंगभोवती पांढरे-गुलाबी सुकलेले डाग शोधा. कूलंट कंपनीचं गुलाबी-जांभळं हवं. टाकीत हिरवं किंवा गढूळ तपकिरी दिसलं तर कुणीतरी दुसरं मिसळलंय.

पिकअप मेलेला वाटला आणि ईपीसीचा, म्हणजे इंजिन कंट्रोलच्या दोषाचा, दिवा लागला तर पी०२९९ कोड, म्हणजे टर्बोचा बूस्ट कमी. होज फाटलाय की वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप) अडकतोय, ते लाइव्ह डेटात मागितलेला आणि प्रत्यक्ष बूस्ट शेजारी ठेवून कळतं. मोकळ्या पट्ट्यात, मर्यादेत राहून, तिसऱ्या गियरमध्ये २००० आरपीएमपासून पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन हे आकडे नोंदवा. मिसफायर बहुधा कॉइल किंवा प्लगचा, स्वस्तात सुटतो.

बाकी पटकन

पावसात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मातीची रेघ पट्ट्याच्या तळाशी राहते. कार्पेटखाली हात घाला, सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का बघा, गिअरबॉक्सच्या प्लगवर हिरवा थर आहे का ते पाहा. बुडालेली डीएसजी कोणत्याही भावाला नको. अपघातासाठी फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग सोललाय का पाहा आणि पेंट मीटर फिरवा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, ३०० च्या वर गेलं की खाली पुट्टी. टायरवरचे चार आकडे, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड आपल्या स्पीडब्रेकरांनी सगळ्यांचेच जातात, त्यावर व्यवहार तोडू नका, भावात कमी करून घ्या.

डीएसजीची धाकधूक नकोच असेल तर १.० टीएसआय मॅन्युअल शोधा. बलेनो आरएसही मॅन्युअलच आहे आणि चांगली आहे. २०२३ मध्ये मारुतीने तिच्या ७,२१३ गाड्या ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपसाठी परत बोलावल्या होत्या, तेवढं काम झालंय का ते चेसिस नंबरवरून तपासा. आय२० एन लाइनच्या डीसीटीलाही, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकलाही, ड्राय क्लचच आहेत, तिला वरचीच गरम परीक्षा लावा.

कागद: वाहन पोर्टलवर बोजा, विमा आणि चलन पाहा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. १ एप्रिल २०१९ आधीच्या नोंदणीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागलेली हवी. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०१३ च्या गाडीची २०२८ पर्यंत, हे भाव करताना बोला. टोकनच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्या: गरम गाडीचा गिअरबॉक्स स्कॅन दोषमुक्त आला तरच व्यवहार, नाहीतर टोकन परत. लिहून द्यायला जो तयार नाही, त्याची गाडी सोडा.

गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात दोन्ही तेलं आणि बेसिक सेटिंग करून घ्या. आणि गायमुखला चढताना पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकू नका. ब्रेक पक्का दाबून उभे राहा म्हणजे क्लच मोकळा राहतो, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की एकदम सुटा, पुन्हा पक्के थांबा. मधे कुणी रिक्षा घुसवेल, घुसवू द्या.